व्यावसायिक फ्री-स्टाईल कुस्ती

व्यावसायिक फ्री-स्टाईल कुस्ती : तिकीट लावून जमविलेल्या प्रेक्षकांपुढे सादर होणारा, कुस्ती व नाट्य यांच्या संयोगातून बनलेला रंजनप्रकार. यातील लढतीचा निकाल व तिचे महत्त्वाचे टप्पे आधी ठरलेले असतात आणि दोन्ही मल्ल परस्परांच्या सहकार्याने ती पार पाडतात. मात्र लढत खऱ्या वैराची व अनिश्चित निकालाची वाटावी, अशी तिची मांडणी असते. दोरांनी वेढलेले चौकोनी रिंगण, भडक वेष, टोपणनावे, सज्जन व दुर्जन अशी मल्लांची विभागणी आणि रिंगणाबाहेरही चालू राहणारी भांडणे ही तिची बाह्य लक्षणे होत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात खुर्च्या, टेबले, शिड्या व काटेरी तारा यांचा वापर करणारा ‘हार्डकोअर’ नावाचा तिचा हिंसक प्रकार अमेरिका व जपान या देशांत फोफावला. महाराष्ट्राला या रंजनप्रकाराची ओळख प्रथम मुंबईतील दंगलींमुळे व पुढे उपग्रह दूरचित्रवाणीमुळे झाली. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे त्याचे दूरचित्रवाणीसाठी मोठे प्रयोगही झाले. राज्याच्या इतर भागांप्रमाणे नाशिक परिसरातही मातीतल्या कुस्तीची परंपरा आहे. तिच्याशी तुलना केल्यास या रंजनप्रकाराचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

संज्ञा : ‘फ्री-स्टाईल’ या शब्दाने दोन परस्परविरुद्ध गोष्टी ओळखल्या जातात. ऑलिंपिक सामन्यांतील मुक्तशैली कुस्ती हा १९०४ च्या सेंट लूइस ऑलिंपिकपासून चालत आलेला नियमबद्ध क्रीडाप्रकार आहे. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेण्यास मनाई असते. मुक्तशैलीत ती मुभा असते, एवढाच येथे ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ होय. वजनगट, वेळ, गुण व पंच यांनी ही कुस्ती बांधलेली असते आणि ठोसा, लाथ, चावा, गळा आवळणे या गोष्टी तीत निषिद्ध मानल्या जातात. साताऱ्याच्या कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१५ जानेवारी १९२६–१४ ऑगस्ट १९८४) यांनी १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते याच प्रकारात. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

लोकांच्या बोलण्यात मात्र ‘फ्री-स्टाईल’ म्हणजे काहीही चालते अशी मारामारी. हा अर्थ तिकिटाच्या दंगलींतून आला आणि भाषेत इतका रुजला, की रस्त्यावर दोन गटांत जुंपली तर मराठी वृत्तपत्रे आजही ‘फ्री-स्टाईल हाणामारी’ असे मथळे देतात. अशा रीतीने एकाच शब्दाने एकीकडे नियमांनी घट्ट बांधलेली कुस्ती व दुसरीकडे नियमभंगाचे प्रदर्शन अशा दोन्ही गोष्टी सुचविल्या जातात. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

‘व्यावसायिक’ हा शब्दही दिशाभूल करू शकतो. पैसे घेऊन लढणे हे या प्रकाराचे वेगळेपण नव्हे. महाराष्ट्रातील मैदानी कुस्तीतही इनामाचे पैसे असतात आणि नामांकित मल्ल त्यांवर चरितार्थ चालवितात. खरा भेद निकालाचा आहे. एका ठिकाणी निकाल मातीत लागतो, दुसऱ्या ठिकाणी तो पडद्याआड लागलेला असतो.

मैदानी कुस्ती व निकाल : नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जळगाव या जिल्ह्यांत गावच्या यात्रेनिमित्त कुस्त्यांची दंगल भरविण्याची प्रथा आहे. गावकरी वर्गणी काढून इनामाची रक्कम उभी करतात व पंच नेमतात. आरंभी लहान मुलांच्या, रेवड्या वा नारळ यांवर होणाऱ्या कुस्त्या लागतात. त्यानंतर चढत्या इनामाच्या कुस्त्या होत जातात व शेवटी सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती होते. जोड लावताना पंच दोघांचे वय, अंगलट व तयारी नजरेने पारखतात. हलगी वा ढोलाच्या तालावर मल्ल मैदानात फिरतात, माती अंगाला लावतात, हात मिळवितात आणि खडाखडीला सुरुवात होते. ढाक, कलाजंग, एकलंगी, धोबीपछाड, घिस्सा इ. डावांनी प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावणे, म्हणजे त्याला चीत करणे, हा जयाचा निकष असतो. गुण न मोजता अशा रीतीने तडीस जाणाऱ्या कुस्तीला ‘निकाली कुस्ती’ म्हणतात. निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडवितात व इनाम दोघांत वाटतात.

या व्यवस्थेत सर्वांत मोठा दोष मानला जातो तो संगनमताचा. आधी ठरवून केलेल्या लढतीला ‘नूरा कुस्ती’ असे नाव आहे व हा शब्द राजकारणातील लटक्या भांडणांनाही लावला जातो. मैदानात दोघे मल्ल उगाच वेळ काढत आहेत असे दिसले, की प्रेक्षक ओरडू लागतात, पंच ताकीद देतात आणि प्रसंगी कुस्ती सोडविली जाते. वर्गणी देणारा गावकरी स्वतःच प्रेक्षक असल्याने निकालाच्या खरेपणावर त्याची नजर असते. मैदानी कुस्तीचे सारे अर्थकारण या विश्वासावर उभे आहे. व्यावसायिक फ्री-स्टाईलचे अर्थकारण वेगळ्या पायावर आहे; तेथे नूरा कुस्ती हा दोष नसून तोच मूळ करार असतो.

उगम : इंग्लंडच्या लँकाशर भागातील ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ ही पकडीची कुस्ती एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली. तेथील फिरत्या जत्रांत मल्लांचे तंबू असत व ठराविक वेळ टिकून राहणाऱ्या प्रेक्षकाला बक्षीस लावले जाई. पैजा व तिकिटे यांचे उत्पन्न वाढविण्यासाठी लढती आधी ठरविण्याची रीत या जत्रांतून बळावली आणि हे गुपित बाहेरच्यांपासून कटाक्षाने जपण्याचा दंडकही तेथेच पडला. खऱ्या लढती पुष्कळदा लांबत व प्रेक्षकांना कंटाळवाण्या वाटत. १९२० नंतर मल्ल एड ‘स्ट्रँगलर’ लूइस व त्याचे सहकारी बिली सँडो व टूट्स माँट यांनी त्यावर उपाय काढला. त्यांनी ठोसे, फेकाफेकी, वेळेची मर्यादा व मल्लांचा कायम ताफा ही नवी मांडणी रूढ केली. १९४८ मध्ये प्रादेशिक आयोजकांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ ही संघटना स्थापन करून आपापली क्षेत्रे वाटून घेतली. १९८९ मध्ये ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे हा खेळ नसून करमणूक आहे, असे उघडपणे सांगितले. क्रीडा-नियंत्रणाखालील परवाने व आकारणी टाळणे हा त्यामागील हेतू होता. जवळजवळ शतकभर जपलेले गुपित अशा रीतीने व्यापारी कारणासाठी सोडून देण्यात आले.

फ्रेंच समीक्षक रोलां बार्त यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात या प्रकाराला खेळ न मानता नाट्यप्रयोग मानले. प्रेक्षकाला कोण जिंकणार यापेक्षा अन्याय, यातना व त्यांचे परिमार्जन यांचे स्पष्ट दर्शन हवे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारत व मुंबई : खऱ्या लढतींचा भारतीय मानदंड म्हणून गामा पहिलवानाचे नाव घेतले जाते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे त्याची पोलिश मल्ल स्टानिस्लॉस झबिस्को याच्याशी कुस्ती झाली. अडीच तासांहून अधिक वेळ झबिस्को बहुतांशी जमिनीला चिकटून राहिला व कुस्ती निकालाविना थांबली. आठवड्याने ठरलेल्या पुढील लढतीस तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. पहिली कुस्ती प्रेक्षकांच्या दृष्टीने कंटाळवाणी व दुसरी क्षणात संपलेली होती. खरी कुस्ती करमणुकीच्या वेळापत्रकात सहजी बसत नाही, हे या दोन लढतींवरून दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत तिकिटाच्या दंगलींना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. वरळी येथील वल्लभभाई पटेल स्टेडियम हे त्यांचे प्रमुख केंद्र होते. हंगेरियन वंशाचा अवाढव्य मल्ल एमिल झाया ‘किंग काँग’ या नावाने व पंजाबच्या अमृतसर जिल्ह्यातील दारासिंग (१९ नोव्हेंबर १९२८–१२ जुलै २०१२) हे या काळातील सर्वांत प्रसिद्ध मल्ल होत. सिंगापूर व मलाया येथे व्यावसायिक कुस्तीत नाव मिळवून परतलेल्या दारासिंग यांनी १९५९ मध्ये कलकत्ता (कोलकाता) येथे कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डिएंको याच्यावर जय मिळवून राष्ट्रकुल अजिंक्यपद पटकाविले. २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून ते जगज्जेते ठरले. थेझ त्या वेळी पन्नाशी ओलांडलेला होता व नॅशनल रेसलिंग अलायन्सचे जगज्जेतेपद त्याने १९६६ मध्येच गमाविले होते. अनेक आयोजक व अनेक जगज्जेतेपदे हे या व्यवसायाचे जगभरचे वैशिष्ट्यच होय. दारासिंग यांच्या ठायी मात्र अस्सल ताकद व तालमीतील शिक्षण होते. त्यांच्या लोकप्रियतेला चित्रपटांची जोड मिळाली. १९६२ चा किंग काँग हा चित्रपट व १९८७-८८ मधील दूरदर्शनवरील रामायण मालिकेतील हनुमानाची भूमिका यांमुळे ते घरोघरी पोहोचले. १९८३ मध्ये त्यांनी कुस्तीतून निवृत्ती घेतली.

ठरवून होणाऱ्या लढतींचा प्रश्न मुंबई राज्याच्या शासनापर्यंतही पोहोचला होता. हमीदा बानू या महिला मल्लाने १९५४ मध्ये बडोदे येथे बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरविले व त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन महिला मल्लावर मिनिटभरात जय मिळविला. पुण्यात एका पुरुष मल्लाबरोबर ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. आपल्या कुस्त्यांना होणाऱ्या अटकावाविषयी तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. तेव्हा ती स्त्री असल्यामुळे कुस्त्यांना बंदी केलेली नसून, आयोजक तिच्यापुढे बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे केली आहे, असे तिला सांगण्यात आले. निकाल आधी ठरविणे हा प्रेक्षकाशी केलेला अपराध की मान्य करमणूक, हा वाद महाराष्ट्रात किती जुना आहे, हे यावरून दिसून येते. या प्रसंगाला दुसरी बाजूही आहे. स्त्रीने पुरुषाशी लढण्यास असलेला विरोध व निकालाविषयीचा संशय हे दोन्ही तिच्याच वाट्याला आले.

याच काळात अस्सल मुक्तशैलीतील मल्लाची स्थिती कशी होती, हे खाशाबा जाधवांच्या उदाहरणावरून कळते. हेल्सिंकीच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदकानंतर जाधव पोलीस खात्यात नोकरीस लागले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० साली.

रिंगणातील तंत्र : व्यावसायिक लढतीचे रिंगण पोलादी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यांवर पातळ गादी व वर ताणून बसविलेले जाड कापड असे बनविलेले असते. फळ्या किंचित दबत असल्याने पडण्याचा धक्का विभागला जातो व आवाजही मोठा होतो. पडण्याची कला हे या व्यवसायाचे मूळ शिक्षण होय. हनुवटी छातीशी घट्ट ठेवावयाची, पाठीचा अधिकाधिक भाग एकाच वेळी टेकवावयाचा व दोन्ही हात आपटून धक्का पसरवावयाचा, हे शेकडो वेळा घोटवून घेतले जाते. ठोसा मारताना मूठ सैल ठेवून पाय आपटतात. उचलून फेकताना ज्याला फेकावयाचे तो स्वतः उडी घेऊन मदत करतो. त्याची मान व कणा मात्र फेकणाऱ्याच्या हाती असतात. पंच हा निर्णायक नसून दोघांमधील निरोप्या असतो व वेळ संपत आल्याची सूचना तोच देतो. कपाळावर लपविलेल्या पात्याच्या तुकड्याने बारीक चीर पाडून रक्त काढण्याची रीतही जुनी आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. लढतीचा निकाल लटका असला, तरी पडणे लटके नसते. खऱ्या कुस्तीत मल्ल प्रतिस्पर्ध्यापासून स्वतःचे रक्षण करतो. येथे त्याला आपले शरीर प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करावे लागते. हा विश्वास किंवा अंदाज क्षणभर चुकला, तरी इजा खरीच होते.

हार्डकोअर कालखंड : निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकांना उघड कळल्यावर त्यांना दाखविण्यासारखे खरे असे काय उरले, या प्रश्नाचे एक उत्तर हार्डकोअर प्रकाराने दिले : दुखापत. जपानमध्ये अत्सुशी ओनिता याने १९८९ मध्ये ‘फ्रंटियर मार्शल-आर्ट्स रेसलिंग’ ही संस्था स्थापून दोरांऐवजी काटेरी तारा व स्फोटके लावलेल्या लढती सुरू केल्या. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९९२ मध्ये निघालेल्या एका छोट्या संस्थेने २७ ऑगस्ट १९९४ रोजी नॅशनल रेसलिंग अलायन्सशी नाते तोडले व ‘एक्स्ट्रीम चँपियनशिप रेसलिंग’ हे नाव धारण केले. पॉल हेमन हा तिचा सूत्रधार होता. दक्षिण फिलाडेल्फियातील बिंगो खेळण्याच्या एका दिवाणखान्यात तिचे प्रयोग होत. रिंगणाला लागून बसलेले प्रेक्षक घरून तवे, काठ्या अशा वस्तू आणून मल्लांच्या हाती देत व एकसुरात घोषणा करीत. प्रेक्षक हा प्रयोगाचाच भाग बनल्यामुळे प्रत्यक्ष हजर राहण्याला मोल आले.

१३ एप्रिल १९९७ रोजी या संस्थेने आपला पहिला सशुल्क दूरचित्रवाणी प्रयोग ‘बेअरली लीगल’ या नावाने सादर केला. त्यात ५२ वर्षांच्या टेरी फंकने अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी ९ ऑगस्टला दोरांऐवजी काटेरी तारा लावलेल्या रिंगणात फंक व साबू यांची लढत झाली. तारेने साबूच्या दंडाचा स्नायू फाटला. त्याने जखमेवर चिकटपट्टी गुंडाळून लढत पूर्ण केली व ठरल्याप्रमाणे अजिंक्यपद घेतले. या साबूचे खरे नाव टेरी ब्रंक. तो अमेरिकेत जन्मलेला, लेबानी वंशाचा होता. त्याचे टोपणनाव म्हैसूरकडील चित्रपटनट साबू दस्तगीर याच्यावरून घेतलेले होते आणि रिंगणात त्याला अनेकदा ‘बाँबेचा’ म्हणून पुकारले जाई. मुंबईच्या नावाला पश्चिमेत गूढतेचे जे वलय होते, त्याचाही असा उपयोग करून घेण्यात आला.

मोठ्या कंपन्यांनी ही शैली लगेच उचलली. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने नोव्हेंबर १९९८ मध्ये स्वतंत्र हार्डकोअर अजिंक्यपद सुरू केले, ते २००२ पर्यंत टिकले. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे मिक फोली हा मल्ल पिंजऱ्याच्या छतावरून सु. ५ मी. खाली टेबलावर फेकला गेला. त्यानंतर छताची जाळी तुटून तो पुन्हा रिंगणात कोसळला. पहिले पडणे ठरलेले होते, दुसरे नव्हते. २३ मे १९९९ रोजी कॅन्झस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने खाली उतरण्याच्या प्रसंगात पडून मरण पावला. मृत्यूनंतरही त्या रात्रीचा कार्यक्रम चालू ठेवण्यात आला व त्यावर कठोर टीका झाली. एक्स्ट्रीम चँपियनशिप रेसलिंगचे २००१ मध्ये दिवाळे निघाले. पुढे २००७ मध्ये क्रिस बेन्वा या मल्लाने पत्नी व मुलाची हत्या करून आत्महत्या केली; त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांच्या खुणा आढळल्या. यानंतर डोक्यावरील आघातांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले व २०१० मध्ये त्या कंपनीने डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली. हार्डकोअर कालखंडाची रोमांचकता व त्याची किंमत या दोन्हींचा हिशेब असा उशिरा मांडला गेला.

महाराष्ट्रातील प्रसार : १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि अमेरिकेतील हे प्रयोग नाशिकसारख्या शहरांतील व तालुक्याच्या गावांतील घरांत दिसू लागले. मल्लांची चित्रे, उंची व वजने छापलेल्या पत्त्यांचा खेळ शाळकरी मुलांत लोकप्रिय झाला. या प्रेक्षकांनी मुंबईच्या जुन्या दंगली पाहिलेल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने पहिलवान म्हणजे एकतर गावच्या यात्रेत दिसणारा, नाहीतर पडद्यावरचा. पडद्यावरील फेकी घरातील गादीवर करून पाहण्याचा मोह मुलांना होणे स्वाभाविक होते. मल्लांचे प्रशिक्षण व परस्परसहकार्य पडद्यावर दिसत नाही, दिसते ते केवळ पडणे; अनुकरणाचा धोका यातच आहे.

अमेरिकेच्या ‘टोटल नॉन-स्टॉप ॲक्शन’ या संस्थेने डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत रिंग का किंग या मालिकेचे चित्रीकरण केले. २८ जानेवारी २०१२ पासून ती हिंदी मनोरंजन वाहिनीवर दाखविण्यात आली. जेफ जॅरेट, स्कॉट स्टायनर, अबिस यांसारख्या परदेशी मल्लांबरोबर शिकवून तयार केलेले भारतीय मल्लही तीत होते. क्रिकेटपटू हरभजन सिंग मालिकेचा प्रसिद्धिदूत होता. परदेशी टोळी विरुद्ध देशी वीर हे जुने, मुंबईत किंग काँग व दारासिंग यांच्या काळापासून चालत आलेले कथासूत्र येथेही वापरले गेले. एप्रिल २०१२ मध्ये मालिका संपली व तिचे दुसरे पर्व निघाले नाही. हिमाचल प्रदेशचा दलिपसिंग राणा, म्हणजे ‘ग्रेट खली’, याने २०१५ मध्ये जलंदर येथे सुरू केलेली प्रशिक्षणशाळा या दिशेने झालेला त्यानंतरचा उल्लेखनीय प्रयत्न होय.

नाशिक व मैदानी परंपरा : महाराष्ट्रात हा रंजनप्रकार पाहिला गेला, पण रुजला नाही. निकालाच्या खरेपणावर पोसलेली मैदानी कुस्ती येथे अजून जिवंत आहे, हे त्याचे एक कारण म्हणता येईल. १९६१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झालेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा हा या परंपरेचा मुख्य आधार आहे. १९६५ मध्ये नाशिक येथे भरलेल्या अधिवेशनात गणपत खेडकर यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा हा किताब जिंकला. १९७९ च्या नाशिक अधिवेशनात शिवाजी पाचपुते विजयी झाले. पुढे या स्पर्धेत मातीबरोबर गादीचाही अवलंब झाला. दोन्ही विभागांतील विजेते अखेरच्या लढतीत गाठ घेतात व विजेत्यास चांदीची गदा दिली जाते. गादीवर गुण मोजले जातात. त्यामुळे निकाली कुस्तीच्या अभिमान्यांना ही पद्धत पूर्णतः रुचलेली नाही. तथापि गुण सर्वांसमोर मिळतात व त्यांवर आक्षेपही घेता येतो.

२०२० च्या जानेवारीत ही स्पर्धा बालेवाडीच्या त्याच क्रीडानगरीत झाली. ७ जानेवारी रोजी झालेल्या अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर व लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. सदगीर हा मूळचा अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्याचा. गादी विभागातून तो व माती विभागातून शेळके अंतिम लढतीस पात्र ठरले होते. दोघेही पुण्यात काका पवार यांच्या तालमीत शिकलेले होते. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे एकमेकांशी लढणार, हा योग व्यावसायिक रंजनकाराने वैराच्या वा विश्वासघाताच्या कथेसाठी वापरला असता. प्रत्यक्षात सदगीरने ३–२ अशा गुणांनी कुस्ती जिंकली आणि जिंकल्यावर शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरविले. जेथे आठ वर्षांपूर्वी ठरलेल्या निकालांचे प्रयोग चित्रित झाले होते, तेथेच एका गुणाच्या फरकाने हा निकाल लागला.

व्यावसायिक फ्री-स्टाईलमध्ये शारीरिक कौशल्य, धाडस व नाट्यगुण असतात, हे मान्य करावयास हवे. तिच्यातील मल्लांचे श्रम व त्यांच्या दुखापतीही खऱ्या असतात. मात्र निकालाची अनिश्चितता गेल्यावर प्रेक्षकांना बांधून ठेवण्यासाठी धोका वाढवीत नेणे भाग पडते, असे हार्डकोअर कालखंडाच्या अनुभवावरून दिसते. त्याची झळ प्रथम मल्लाच्या शरीराला बसते. मैदानी कुस्तीला अशा वाढीव धोक्याची गरज भासत नाही, कारण हात मिळविल्यापासून पाठ लागेपर्यंत पुढे काय होणार, हे त्या दोघांनाही ठाऊक नसते.